वडील कोणाशी बोलत होते?

आदरणीय ताई, सादर नमस्कार.

मी एकावन्न वर्षांचा आहे. आमचे घराणे गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने चार पिढ्यांपूर्वी वडोदऱ्यात आले आणि दांडिया बाजारच्या मागल्या गल्लीत आजतागायत राहिले. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. चौदा महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. ते दत्तभक्त होते. रोज पहाटे पूजा, संध्याकाळी करुणात्रिपदी, गुरुवारी दत्तबावनी आणि पौर्णिमेला नर्मदाकाठचे गरुडेश्वर, हा त्यांचा नेम चाळीस वर्षे चुकला नाही. पूजा करताना ते देवाशी बोलत. मंत्र संपले की साधे बोलणे सुरू होई. ‘आज पाणी गार आहे रे बाबा, सोसून घे,’ किंवा ‘काल रात्री डोळा लागला नाही, तुला ठाऊकच आहे,’ असे. आम्हाला त्याची इतकी सवय होती की कोणी तिकडे लक्षही देत नसे.

सुतक फिटल्यावर पूजा माझ्याकडे आली. मी सगळे यथासांग करतो, पण समोर कोणी आहे असे मला वाटत नाही. वडिलांच्या आजारपणात मी फार काकुळतीने मागणे मागितले होते आणि ते फळले नाही, हेही खरे. महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मुलीने परवा विचारले, ‘बाबा, आजोबा कोणाशी बोलायचे? आणि तुम्ही का बोलत नाही?’ मला उत्तर देता आले नाही. कारखान्यातले एक ख्रिस्ती सहकारी सांगतात की प्रभूशी त्यांचे वैयक्तिक नाते आहे. वेदान्ताचा अभ्यास असलेले एक मित्र म्हणतात की ब्रह्म एकच असल्यामुळे नाते हाच भ्रम आहे. देवाशी माणसाचे वैयक्तिक नाते खरोखर असू शकते का? की माझे वडील चाळीस वर्षे स्वतःशीच बोलत होते?

एक वाचक, वडोदरा

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोन दिवस जवळ ठेवले होते. प्रश्न देवाविषयीचा असला तरी शेवटचे वाक्य वडिलांविषयीचे आहे, आणि खरी टोचणी तुम्हाला त्याच वाक्याची लागली आहे, असे मला वाटते. ज्या माणसाच्या शहाणपणावर आपण आयुष्यभर विसंबलो, तो रोज पहाटे रिकाम्या जागेशी बोलत होता की काय, हा संशय मुलाला फार एकटे पाडतो. म्हणून आधी माझे उत्तर सांगते आणि मग त्यामागची कारणे. देवाशी माणसाचे वैयक्तिक नाते असू शकते, असे मी मानते. तुमच्या वडिलांचे ते होते, हे मला तुम्ही लिहिलेल्या त्यांच्या दोन वाक्यांवरून दिसते. तुमचेही आहे, पण तुम्ही ते वडिलांच्या मापाने मोजत असल्यामुळे ते तुम्हाला आढळत नाही.

त्या दोन वाक्यांत देवाला ‘तू’ म्हटले आहे. आपल्या पिढीच्या बहुतेक घरांत वडिलांना ‘अहो बाबा’ आणि आईला ‘ए आई’ म्हणत असत. तुमच्या पत्रातही वडिलांसाठी सगळीकडे ‘ते’ आहे. ज्यांच्यासमोर जपून बोलायचे त्यांना आपण ‘तुम्ही’ म्हणतो आणि जिच्या पदराला ओले हात पुसायचे तिला ‘तू’ म्हणतो. देवासमोर उभे राहिल्यावर मात्र, तो विश्वाचा स्वामी आहे हे लहानपणापासून पाठ असूनही, आपल्या तोंडी ‘तू’च येते. विटेवर पुरुषरूपात उभ्या असलेल्या विठोबाला ‘माउली’ म्हणणाऱ्या लोकांची ही भाषा आहे. नामदेवांच्या घरची दासी असलेल्या जनाबाईने त्याला ‘विठ्या’ अशी हाक मारली, एवढेच नव्हे तर रागाच्या भरात ‘मूळ मायेच्या कारट्या’ असेही म्हटले, आणि वारकऱ्यांनी तो अभंग लपवून न ठेवता टाळांवर म्हटला. तत्त्वाला कोणी कारट्या म्हणत नाही. तुमच्या घरी रोज संध्याकाळी म्हटली जाणारी करुणात्रिपदी पाहा. वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, तिची सुरुवात देवाला ‘शांत हो’ असे विनवून करतात. ही विनवणी रागावलेल्या वडीलधाऱ्या माणसाला करायची असते. ज्या घरात हे शब्द चाळीस वर्षे दिवेलागणीला म्हटले गेले, त्या घरात समोर कोणीतरी आहे हे वेगळे सिद्ध करण्याची गरज कोणाला पडली नाही, कारण ते बोलण्याच्या रीतीतच धरलेले होते.

तुमच्या ख्रिस्ती सहकाऱ्यांचे शब्द तुम्हाला परके वाटले असतील, तर तेवढे परकेपण काढून टाका. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या पायापाशी पोहोचलो. देवाशी जिवाभावाचे बोलणे ते मराठी अभंगातून शिकले होते. सहकाऱ्यांना एकदा विचारा की ते प्रार्थनेत काय बोलतात. तुमच्या वडिलांच्या पहाटेच्या बोलण्याशी त्याचे किती जुळते, ते तुम्हाला कळेल.

वेदान्ती मित्रांच्या म्हणण्याचा विचार जरा सावकाश करायला हवा, कारण ते हलके नाही. सगळे एकच असेल तर बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हा प्रश्न आपल्या परंपरेने कधी टाळलेला नाही. त्याच्या उत्तराचा एक धागा तुमच्या गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानच्या नोकरीत होते आणि दांडिया बाजारातला त्यांचा बंगला तुम्ही येता-जाता पाहत असाल. डिसेंबर १९०७ मधील सुरतेच्या काँग्रेसनंतर ते पुन्हा इथे आले, तेव्हा विष्णू भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याला ग्वाल्हेरहून बोलावून घेण्यात आले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरील एका खोलीत दोघे तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितले की विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्यापूर्वीच परतवून लावा. तीन दिवसांत अरविंदांचे मन निःशब्द झाले, आणि त्यांना जे अनुभवास आले त्यात नाव, रूप, नाते यांतले काही उरले नव्हते. लेले स्वतः भक्तिमार्गी होते. त्यांना हे अपेक्षित नव्हते, आणि अरविंदांनाही नव्हते.

तुमच्या मित्रांना ही हकीगत इथपर्यंत आवडेल, परंतु ती इथे संपत नाही. १९०८ च्या मे महिन्यात अरविंदांना अटक झाली आणि ते वर्षभर अलीपूरच्या तुरुंगात होते. सुटल्यावर ३० मे १९०९ रोजी उत्तरपाडा येथे त्यांनी जे सांगितले, त्यात निराकार शांतीऐवजी वासुदेव होता. तो कोठडीच्या गजांत दिसला, अंगणातल्या झाडात दिसला, न्यायाधीशाच्या आणि सरकारी वकिलाच्या जागीही दिसला. तुरुंगातल्या खरखरीत घोंगड्यावर पडल्यावर भोवती सख्याचे हात जाणवले, असे ते म्हणाले. एकाच माणसाला दीड वर्षाच्या आत दोन्ही अनुभव आले आणि त्याने त्यांतला एकही खोटा म्हणून टाकून दिला नाही.

ज्ञानेश्वरांना हे ठाऊक होते. गीतेच्या अठराव्या अध्यायावर लिहिताना ते ‘अद्वैतीं भक्ति आहे’ असे स्पष्ट म्हणतात, आणि हे बोलून सांगण्याजोगे नसून अनुभवण्याजोगे आहे, अशी पुस्ती जोडतात. अमृतानुभवात त्यांनी याला एक दाखला दिला आहे. ‘देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा वेव्हारु । कां न व्हावा ॥’ एकाच डोंगरातून देव कोरला, देऊळ कोरले आणि देवापुढे हात जोडून उभा राहिलेला भक्तही कोरला. दगड एकच आहे, म्हणून त्या भक्ताचे हात जोडणे खोटे ठरत नाही. वेरूळचे कैलास पाहिलेल्या माणसाला ही ओवी समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या मित्रांचे ‘एकच’ मला मान्य आहे. ‘म्हणून नाते भ्रम’ हे मला मान्य नाही, आणि ज्यांच्या अद्वैताविषयी कोणी शंका घेणार नाही त्या ज्ञानेश्वरांनाही ते मान्य नव्हते.

आता तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलेल्या गोष्टीकडे येते. मागणे फळले नाही. तुम्ही ‘हेही खरे’ म्हणून पुढे गेलात, पण माझ्या समजुतीप्रमाणे तुमचा देव तिथेच अडला आहे.

माझी धाकटी बहीण चौतिसाव्या वर्षी गेली. मी एकवीस गुरुवार निरंकार उपास केले होते, आणि एकविसावा गुरुवार येण्याआधीच सगळे संपले. त्यानंतर आठ महिने मी देवघराचे दार उघडले नाही. घरात कोणी मला त्याविषयी बोलले नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्या आठ महिन्यांत मी कणीक मळताना, भाजी निवडताना, बसची वाट पाहताना त्याच्याशी सतत भांडत होते. तू हे का केलेस, तुला दुसरे घर मिळाले नाही का, तिच्या लहान मुलाचा चेहरा तू पाहिला आहेस का. एके दिवशी कणकेचा गोळा हातात असतानाच माझ्या ध्यानात आले की इतकी वर्षे दिवा लावून मी त्याच्याशी जेवढे बोलले नव्हते, तेवढे या आठ महिन्यांत बोलले आहे. ज्याच्याशी काही नाते नाही त्याच्यावर कोणी आठ महिने रुसून बसत नाही. मी दार उघडले तेव्हा माझ्या बहिणीविषयीचे उत्तर मला मिळालेले नव्हते. ते आजही मिळालेले नाही, आणि ती का गेली याचा गोड अर्थ लावून देणाऱ्या माणसांपासून मी अजूनही दूर बसते.

तुकोबांच्या गाथेत ‘माझे लेखीं देव मेला’ असे शब्द आहेत. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या, व्यवसाय बुडालेल्या माणसाच्या गाथेत असे शब्द असावेत आणि साडेतीनशे वर्षे लोकांनी ते जपून ठेवावेत, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आपल्या परंपरेत देवाशी अबोला धरणे हे नाते तुटल्याचे लक्षण मानलेले नाही. नारदांच्या भक्तिसूत्रांत भक्तीचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत दास्य आहे, सख्य आहे, वात्सल्य आहे, कान्तेचे प्रेम आहे, आणि सर्वांत शेवटी, तन्मयतेच्याही नंतर, परमविरह आहे. देव जवळ नाही याची बोच, हेसुद्धा देवाशी असलेले नाते म्हणून मोजले गेले, आणि तेही सगळ्यांच्या पुढचे म्हणून. तुम्हाला ‘समोर कोणी नाही’ असे वाटते, आणि त्या नसण्याने तुम्ही इतके अस्वस्थ आहात की एका अनोळखी बाईला पत्र लिहिण्यापर्यंत तुमची मजल गेली. ज्याच्या लेखी खरोखरच कोणी नसते, त्याला पूजा करताना फार तर कंटाळा येतो. अशी बोच लागत नाही.

चोखोबांचे आयुष्य मला या संदर्भात नेहमी आठवते. त्यांना देवळात येऊ दिले नाही. ते अडवणारी माणसे होती आणि तो अन्याय माणसांचाच होता. चोखोबा दाराबाहेर राहिले आणि तिथून त्यांनी जे म्हटले ते आत वावरणाऱ्यांच्या स्तोत्रांहून अधिक टिकले. आज पंढरपूरला महाद्वारापाशी त्यांची समाधी आहे आणि तिच्यापुढून गेल्याशिवाय वारकऱ्याचे दर्शन होत नाही. दर्शन झाले म्हणजेच नाते, असे असते तर चोखोबांना नातेच नव्हते असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणण्याची छाती मला तरी नाही.

तुमच्या मुलीने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्या प्रश्नात खरी शंका अशी आहे की हे सगळे मनाचेच खेळ नाहीत कशावरून. ही शंका तिने घेतली याचे तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तिला गप्प बसवू तर मुळीच नका. माझ्यापुरती मी एक खूण ठरवली आहे. स्वतःशी बोलताना माणूस बहुतेक वेळा जिंकतो. माझा देव माझ्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावू लागला, माझे शत्रू तेच त्याचे शत्रू होऊ लागले, तर मी समजते की मी आरशापुढे बसले आहे. काही वर्षांपूर्वी घराच्या वाटणीवरून माझे आणि माझ्या जावेचे फार बिनसले होते. संध्याकाळी दिवा लावून मी तिची तक्रार सांगायला बसे. पहिले वाक्य ठसक्यात निघे, दुसरेही निघे, आणि तिसऱ्या वाक्याला मी अडखळे, कारण चौथे वाक्य माझ्या स्वतःच्या लबाडीचे असे आणि ते त्या दिव्यासमोर गाळून पुढे जाता येत नसे. शेजारणीपुढे तीच हकीगत सांगताना मला ते चौथे वाक्य गाळणे सहज जमले होते. मला कोणताही आवाज ऐकू आला नाही, कोणता दृष्टान्तही झाला नाही. पण तिथे माझ्या मर्जीप्रमाणे न वागणारे कोणीतरी होते, एवढे मी खात्रीने सांगते. (आवाज ऐकू येऊ लागले, ते स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगू लागले, झोप उडाली, तर मात्र विनाविलंब मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यात देवाशी कसलीही बेइमानी होत नाही. हे तुमच्यासाठी नाही, हे सदर वाचणाऱ्या इतर कोणासाठी असू शकेल म्हणून लिहिले.)

दुसरी खूण नामदेवांच्या कथेत आहे. जे विठ्ठलाशी बोलत, ज्यांच्या हातचा नैवेद्य तो खाई, त्या नामदेवांना गोरोबाकाकांनी संतांच्या मेळाव्यात थापटून पाहिले आणि हे मडके कच्चे आहे असे सांगितले. नामदेव दुखावले आणि पुढे विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपले होते आणि म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. एवढी जवळीक असलेल्या माणसालाही कच्चे म्हटले गेले, कारण ती जवळीक एका देवळापुरती होती. तुमचे वडील दर गुरुवारी जी दत्तबावनी म्हणत, ती १९३५ मध्ये गुजरातीत लिहिणारे रंग अवधूत महाराज जन्माने मराठी होते, गोध्र्याला वाढले आणि आपल्या नारेश्वरला राहिले. त्यांचे सांगणे ‘परस्परदेवो भव’, म्हणजे एकमेकांत देव पाहा, असे होते. वडिलांचे बोलणे कोणाशी होते हे तुम्हाला पडताळून पाहायचे असेल, तर ते गेले त्या दिवशी नात्यागोत्याबाहेरचे कोण कोण आले होते, हे आठवून पाहा. कोण दारात उभे राहून रडले आणि का, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर त्यांना जाऊन विचारा. चाळीस वर्षे स्वतःशीच बोलणाऱ्या माणसाच्या दारात अशी गर्दी होत नाही.

मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे तुम्ही का बोलत नाही याचे, उत्तर तुम्हालाच द्यायचे आहे, आणि ते देताना काही सजवू नका. ‘आजोबा देवाशी बोलत असत. मला अजून ते जमत नाही, कारण मी त्याच्यावर रागावलो आहे,’ एवढे तुम्ही तिला सांगितलेत तर ती तुमच्याकडून देवाविषयी पुष्कळ शिकेल. तिला पूजेला बसण्याचा आग्रह करू नका.

तुम्ही यथासांग पूजा करता आणि आतून काही वाटत नाही, याची तुम्हाला लाज वाटत असावी. ती वाटण्याचे कारण नाही. माझ्याकडे माहेरहून आलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे. आजीने, आईने आणि मी तो चिंच आणि राख लावून इतकी वर्षे घासला आहे की त्याचे नाक उरलेले नाही, डोळ्यांच्या जागी दोन उथळ खळगे आहेत आणि लोण्याचा गोळा धरलेली मूठ नुसता गुळगुळीत मणी झाली आहे. अनोळखी माणसाला तो कोण हे ओळखू येणार नाही. त्या तिघींना रोज सकाळी काय वाटत होते, कोणाला माहीत. घाई असेल, डोके दुखत असेल, दूध उतू जाण्याची भीती असेल. तरी तो चेहरा झिजला तो त्या तिघींच्याच बोटांनी. भाव नसताना केलेले हाताचे काम वाया जाते, असे मला त्याच्याकडे पाहून म्हणवत नाही.

तरीही एक बदल करा. वडिलांची पूजा आहे तशीच्या तशी चालवण्याचा हट्ट सोडा. त्यांचा नेम त्यांच्या नात्यातून उगवला होता. तो उचलून तुमच्या अंगावर घातला तर तो त्यांच्या सदऱ्यासारखा ढगळच होणार. स्नान, गंध, फूल एवढे ठेवा, बाकीचे काही दिवस बाजूला ठेवा, आणि शेवटी एक वाक्य स्वतःचे, मोठ्याने बोला. ते स्तोत्रातले नसावे आणि वडिलांचेही नसावे. ‘आज मला तुझ्याशी बोलायचे नाही’ हे वाक्यसुद्धा चालेल. मराठीपेक्षा गुजरातीत बोलणे सोपे जात असेल तर गुजरातीत बोला. कारखान्यात दिवसभर तीच तुमच्या तोंडी असणार. उत्तराची वाट पाहत बसू नका आणि अंगावर काटा आला की नाही हे तपासू नका. समर्थांनी दासबोधात सख्यभक्ती सांगताना आधी देवाला जे आवडते तसे आपण वागावे, असे सांगितले आहे. मैत्री तिथून सुरू होते, आणि ती सुरू व्हायला वेळ लागतो. या काळात कोणी बुवा किंवा ताई ‘तुमच्या वडिलांचा निरोप आहे’ म्हणून मध्ये येऊ लागली आणि दक्षिणेचा आकडा सांगू लागली, तर उठून घरी या. जो तुमच्या देव्हाऱ्यात बसला आहे त्याच्यापर्यंत पोहोचायला दलाल लागत नाही.

पत्रातून आणखी एक गोष्ट मला जाणवली. वडील गेल्यापासून तुम्ही गरुडेश्वरला गेला असाल, असे दिसत नाही. चाळीस वर्षे दर पौर्णिमेला एक माणूस डभोईच्या वाटेने तिथे जाई, टेंबे स्वामींच्या समाधीपुढे बसे, नर्मदेच्या पायऱ्यांवर जाऊन येई, आणि अचानक येईनासा झाला. आपल्याकडे कोणी गेले की त्याच्या जवळच्या मित्राकडे मुलाने स्वतः जाऊन सांगायचे असते. फोनवर सांगणे बरे दिसत नाही. तुम्ही तेराव्यापर्यंत सगळ्यांना कळवले असेल, एक घर राहिले आहे. येत्या पौर्णिमेला जा. नवस बोलू नका, काही मागू नका, पूजेचे साहित्यही नेऊ नका. वडील जिथे बसत तिथे बसा आणि त्याला सांगा की बाबा गेले, केव्हा गेले, शेवटचे आठ दिवस कसे गेले, आणि तुम्ही मागितले होते ते त्याने दिले नाही म्हणून तुम्हाला काय वाटले. त्यांना ओळखणारे तुम्ही दोघे आहात. तुमचे वडील गेले तेव्हा रोज पहाटे त्याच्याशी बोलणारे माणूसही गेले. मुलगी यायला तयार असेल तर तिला बरोबर न्या, आणि तुम्ही बोलत असताना ती थोडी दूर, पायऱ्यांवर बसली तरी हरकत नाही.